चष्म्यावर धुकं, झडप बंद

इक्बालभाई,

मला चष्मा लागला. खरं तर तुम्ही इथे होतात तेव्हाच लागायला हवा होता, पण मोबाइल लांब धरून धरून मी वेळ मारून नेली. आज सकाळी कंपनीच्या दारात गाडीतून उतरलो आणि दोन्ही काचा एकदम पांढऱ्या झाल्या. समोरचं शटर दिसेना. सप्टेंबर आहे, वारा समुद्राकडून आहे, गाडीत एसी आणि बाहेर नुसती वाफ. तुम्ही असता तर माझा दंड धरून म्हणाला असता, "बघितलंत जाधव? मीटर नाकावर आहे आणि तुम्ही भिंतीवर शोधताय."

मी तसाच उभा राहिलो. चष्मा पुसला नाही. वॉचमन जवळ आला आणि "सर, तबियत ठीक है?" म्हणून विचारायला लागला. मी ठीक म्हटलं. ठीक काही नव्हतं. तुम्हाला जाऊन नऊ दिवस झालेत. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि एक गोष्ट मी तुम्हाला कधीच बोललो नाही. तुम्ही बोलू दिली नाही, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलो. तेही खरं नाही. मीच टाळली.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो. मी मोठ्या तोऱ्यात तुम्हाला खोली दाखवायला निघालो होतो. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरच्या दुकानामागच्या गोडाऊनमध्ये खिडकी नसलेली खोली, त्यात छतापर्यंत रॅक, प्रत्येक खणात दिव्यांच्या पट्ट्या आणि त्याखाली पाण्यावर वाढणारी तुळस. आपली वृंदावनातली नव्हे, हॉटेलवाले पास्त्यात घालतात ती रुंद पानांची. माती नाही, ऊन नाही, पाऊस नाही. इथलं हवामान माझ्या लॅपटॉपमधून चालतं, असं मी म्हणालो. शब्द अगदी तेच होते, आता आठवले तरी कानाची पाळी तापते.

तुम्ही शारजात तीस वर्षं एसी दुरुस्त केलेले. आमच्याकडे एसीच्या मेंटेनन्ससाठीच तुम्हाला घेतलं होतं. तुम्ही रॅककडे बघितलंच नाही. सरळ मागच्या भिंतीशी गेलात आणि एसीचं पाणी ज्या नळीतून बाहेर पडतं तिच्याखाली तळहात धरून उभे राहिलात.

"दिवे किती वाजता विझतात?"

"संध्याकाळी सात ते पहाटे सहा बंद. झाडांनाही रात्र लागते ना."

"मग सातनंतर ही नळी सुकत असेल."

सुकत होती. मी कधी बघितलं नव्हतं. तुम्ही मला तिथेच उभं करून समजावलंत. दिवे चालू असतात तेव्हा खोली तापते, एसी चालतो आणि पानांनी सोडलेली ओल ओढून नळीवाटे बाहेर टाकतो. दिवे विझले की खोली गार, एसीला वाटतं काम झालं, तो झोपतो. ओल मात्र पानांतच बसून राहते. "एसीला थंडी कळते जाधव, ओल कळत नाही. त्याला उठवायला गरमी पाहिजे. सगळे दिवे एकदम नका विझवू. अर्ध्या रॅकला दिवसा झोपवा, अर्ध्याला रात्री." मी तुमचं ऐकलं. पंधरा दिवसांत पानांवरचे डाग गेले. मॅनेजरनी माझी पाठ थोपटली, आणि ती मी थोपटून घेतली. तेव्हापासूनच माझी ही सवय.

गाडीतली ती वीस-पंचवीस मिनिटं मला सगळ्यात जास्त आठवतात. तुम्ही अल नहदात आमच्या मागच्याच टॉवरमध्ये गावच्या तिघांबरोबर राहायचात. रोज पावणेसातला खाली येऊन उभे. हातात टपरीवरच्या करक, कडक दुधाच्या चहाचे दोन कप. मी म्हणायचो, इक्बालभाई, कप सांडतो, सीट खराब होते. तुम्ही म्हणायचात, सीट धुता येते, सकाळ गेली की गेली. मग आपलं सुरू व्हायचं. तुम्ही रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, मी बार्शीचा. तुम्हाला वाटायचं की आमच्याकडच्या माणसाला हवा कळत नाही, कारण आमच्याकडे हवेत काही नसतंच. मला वाटायचं की तुम्हा कोकणातल्यांना कोरडं कशाला म्हणतात तेच माहीत नाही. "तुमच्याकडं कपडे वाळतात," तुम्ही म्हणायचात, "आमच्याकडं ते वाळवावे लागतात." यावर मी रेडिओ लावायचो.

आणि ते पापड! भाभींनी गावाहून पाठवलेले तांदळाचे पापड तुम्ही न भाजता दोऱ्याला बांधून रॅकमध्ये टांगलेत. एक-दोन नव्हे, बारा. तेही कुठे, तर तुळस सगळ्यात दाट असते तिथे, मधल्या खणात, पानांच्या आत. सकाळी आल्या आल्या एकेकाचा कोपरा मोडून बघायचात. कट्टकन मोडला तर हवा बरोबर. वाकला तर त्या खणातला पंखा वाढवायचा. हवेतली ओल मोजणारा माझा सेन्सर एसीच्या तोंडाशी भिंतीवर होता आणि तो दिवसभर साठ, बासष्ट टक्के सांगायचा. तुमचा पापड वाकायचा. मी म्हणायचो, सेन्सर खोटं बोलत नाही. तुम्ही म्हणायचात, "खोटं नाही बोलत, पण तो एसीच्या मांडीवर बसलाय. त्याला काय कळणार मागच्या बाकावरचं?"

हे भांडण आपण दोन वर्षं मजेत भांडलो. दुसरं भांडण मजेचं नव्हतं.

बंद खोलीत झाडांना ताजी हवा लागते, म्हणून बाहेरची हवा आत घ्यायला छताजवळ एक झडप होती. ती कधी उघडायची हा प्रश्न. मी वेळापत्रक लावलं, पहाटे पाच ते साडेसहा. तेव्हा बाहेर सगळ्यात गार, एसीवर ताण कमी, वीज वाचते. आणि खरं कारण सांगू का? बार्शीत लहानपणी आम्ही पहाटे दारं-खिडक्या सताड उघडायचो. पहाटेची हवा हलकी, कोरडी, चांगली, हे माझ्या अंगातच बसलेलं. त्यासाठी मला लॅपटॉप लागला नाही. तुमच्यावर अडाणीपणाचा शिक्का मारणारा मी, आईचा हात धरून निर्णय घेत होतो.

तुम्ही गाडीतच कप डॅशबोर्डवर ठेवलात. "पहाटे नको. इथं पहाटे दर्यावरची सगळी ओल खाली येऊन बसते. त्यात अर्धेच दिवे चालू, एसी अर्धा झोपेत. घड्याळ लावू नका, वारा बघा. वाळवंटाकडचा असेल तर उघडा, दर्याचा असेल तर बंद."

"वारा कोण बघत बसणार? आणि कळणार कसं?"

तुम्ही गाडीचं दार उघडून उतरलात, माझ्याकडे वळलात. तुमचा चष्मा पांढरा. "असं," म्हणालात. "चष्म्यावर धुकं, झडप बंद."

मी हसलो. म्हटलं, पण पहाटे पाचला तुमचा चष्मा असतो कुठे? अंथरुणात! तुम्हीही हसलात, पण मग म्हणालात, "तेच तर सांगतोय. तुमची झडप उघडते तेव्हा बघायला कुणी नसतं." मी ऐकलं नाही. मी इंजिनिअर, तुम्ही मेकॅनिक. तोंडाने तसं कधी म्हटलं नाही, पण वेळापत्रक माझंच राहिलं.

ऑगस्टमध्ये तपासणीवाले येणार होते. आदल्या दिवशी मॅनेजर म्हणाले, खोलीत खाण्याचा पदार्थ टांगलेला दिसला तर गडबड होईल. तुम्ही त्या दिवशी दुसऱ्या गोडाऊनचा कॉम्प्रेसर उघडून बसला होता. तुमचे बारा पापड मी स्वतः कात्रीने कापून काळ्या पिशवीत टाकले. खोटं नाही सांगत, जरा बरंही वाटलं. तपासणी झाली, पापड परत कुणी लावले नाहीत. तुम्ही एकदा विचारलंत, मी म्हटलं, बघू. त्या आठवड्यात रोज पहाटे दर्याचा वारा होता. माझी झडप इमानाने उघडत होती, आणि माझा सेन्सर एसीच्या मांडीवर बसून बासष्ट सांगत होता. आठवड्याअखेर मधल्या खणातली पानं हाताने बाजूला केली तेव्हा आत करडी बुरशी, ओल्या राखेसारखी. एका खणात नाही, सगळ्या रॅकमध्ये. चार दिवसांनी हॉटेलची मोठी ऑर्डर जाणार होती.

मॅनेजरनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं. "हू डिड धिस?" मी तोंड उघडायच्या बेतात होतो. होतो का? आता मलाही खात्री देता येत नाही. तुम्ही आधी बोललात.

"सर, झडप मेरे हाथ से खुली रह गई. रोज. कोकण का आदमी है सर, बंद कमरे में दम घुटता है. आदत से खोल दी."

इतकं साधं, इतकं पटण्यासारखं खोटं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं. "जाधव? इज इट पॉसिबल?"

लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. त्यात झडपेचं वेळापत्रक होतं, माझ्या नावाने. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता, टेबलावरच्या खजुराच्या डबीकडे बघत होता.

"पॉसिबल, सर," मी म्हणालो.

"खलास, इक्बाल," मॅनेजर म्हणाले. तुमचा व्हिसा दोन महिन्यांत संपत होता, तो पुढे वाढला नाही.

त्या संध्याकाळी गाडीत मी सुरुवात केली. इक्बालभाई, मी... तुम्ही हात वर केलात. "जाधव, मी एकोणसाठचा. आज नाही तर वर्षाने गेलोच असतो. तुमची सई दहावीत आहे. अर्ध्या वर्षात शाळा सोडून ती कुठं जाईल? यल्ला, चला, त्या वळणावर थांबा, तिच्यासाठी समोसे घेऊ." तुम्ही उतरलात, समोसे घेतलेत. बाहेर पडताना तुमचा चष्मा पांढरा झाला आणि तुम्ही तो शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसत उभे राहिलात. मी गाडीतून बघत होतो. तुम्ही नुसता चष्माच पुसत होता की आणखी काही, हे मी विचारलं नाही.

तुम्ही गावी परत गेल्यानंतरचं सांगतो. तेही तुम्हाला माहीत नाही. मी वेळापत्रक काढून टाकलं. सेन्सर भिंतीवरून उचलून मधल्या खणात, पानांच्या आत लावला, तुमचा पापड होता तिथेच. बाहेर दुसरा सेन्सर लावला, हवेत ओल असली की झडप आपोआप बंद. म्हणजे तुमचा चष्माच, फक्त वायर जोडलेला. पीक असं आलं की वर्षाअखेर मला मोठं पद मिळालं. पार्टी झाली. केक कापताना कुणीतरी विचारलं, आयडिया कशी सुचली? मी म्हणालो, अनुभवाने. कुणाच्या, ते सांगितलं नाही.

तुम्ही फोन करायचात. "झडप?" एवढंच विचारायचात आणि मी म्हणायचो, "चष्मा." मग तुम्ही हसायचात. हळूहळू फोन ईदपुरते उरले. गेल्या ईदला तुम्ही म्हणालात, मुबीननं मागच्या खोलीत ट्रे लावलेत, रिसॉर्टवाल्यांसाठी मेथी, मोहरी, मुळ्याचे कोवळे कोंब वाढवतो. मी म्हटलं, वा, मग तुम्ही आहातच मुलाला शिकवायला. तुम्ही म्हणालात, "नाही हो, मला आत घेत नाही तो." आणि हसलात. मीही हसलो. मला वाटलं, बापलेकांची चेष्टा.

परवा मुबीनला फोन लावला. तुमची मय्यत झाल्यापासून हिंमत होत नव्हती. तो चांगला बोलला. अगदी तुमच्यासारखं, सावकाश. शेवटच्या दिवशी तुम्ही जेवलात, पान खाल्लंत, जरा पडतो म्हणालात आणि उठलाच नाहीत, हे त्यानं सांगितलं. मग बोलता बोलता म्हणाला, "काका, अब्बा रोज माझ्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. आतनं ट्रेला बुरशी यायची, मी फेकायला बाहेर न्यायचो, ते बघायचे. कधी म्हणायचे पंखा खाली लाव, कधी म्हणायचे पापड टांग. एक दिवस माझं डोकं फिरलं. मी बोललो, अब्बा, तुम्ही तिकडं अख्खी खोली घालवली, आता माझी नको. त्यानंतर खुर्ची टाकून बसायचे, पण बोलले नाहीत कधी."

इक्बालभाई, तुम्ही घरीसुद्धा तेच सांगितलं होतंत. भाभींना, मुलाला, सगळ्यांना. माझ्या हातनं चूक झाली म्हणून परत आलो. मला वाटत होतं, निदान तिथे तरी तुम्ही मला शिव्या घातल्या असतील. तेवढ्यावर मी तीन वर्षं झोपलो.

मी मुबीनला काही बोललो नाही. नीट राहा, भाभींना सांभाळ, असं काहीतरी म्हणून फोन ठेवला. सई सोफ्यावर बसली होती. ती आता कॉलेजात आहे. तुम्ही तिला शेवटचं बघितलंत तेव्हा ती दहावीच्या वह्या घेऊन तुमच्याकडून तुर्की बिस्किटांचा पुडा उकळायला आली होती. तिनं विचारलं, काय झालं? मी पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. पापड, झडप, केबिन, "पॉसिबल, सर".

तिनं हातातला मोबाइल उलटा ठेवला. मग म्हणाली, "सो ही लॉस्ट हिज जॉब फॉर माय बोर्ड्स?"

"हो."

"अँड हिज सन स्टिल थिंक्स ही रुइन्ड एव्हरीथिंग?"

"हो."

"बाबा, देन व्हाय आर यू टेलिंग मी? कॉल हिम."

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिनं चार्जरवरचा माझा फोन आणून माझ्या हातात दिला.

दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा मला प्रस्तावना सुचली नाही. मी म्हटलं, मुबीन, ती खोली मी घालवली. वेळापत्रक माझं होतं. तुझ्या अब्बांचे पापड मी कापून टाकले. त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली आणि मी घेऊ दिली. ते या कामात माझ्या दहापट हुशार होते. मला जे पद मिळालं ते त्यांच्या डोक्याच्या जोरावर मिळालं. माफी मागायला फोन केलाय असंही नाही, माफी ज्यांच्याकडे मागायची ते गेले.

  पलीकडून कोंबड्यांचा आवाज आला, कुणीतरी पाणी ओतल्याचा आवाज आला. तो शिवी देईल, फोन आपटेल, काहीही करेल, मी तयार होतो. मला तर तेच हवं होतं. तो रडला नाही, चिडलाही नाही. तुमच्यासारखाच सावकाश म्हणाला,

"काका, पापड नेमका कुठं टांगायचा? दाराशी की आत?"

"आत," मी म्हणालो. "सगळ्यात दाट जागी. मधल्या खणात, पानांच्या आत. सकाळी कोपरा मोडून बघ. वाकला तर पंखा वाढव."

त्यानं "बरं" म्हटलं. कागदावर लिहून घेतो, म्हणाला. मी ते दोनदा सांगितलं, तुमच्याच शब्दांत. उद्या मॅनेजरकडे जाऊन तिथेही सांगणार आहे, पुढे जे व्हायचं ते होवो. पण इक्बालभाई, त्या कागदावरचं सगळं तुमचं होतं, आणि तुम्ही त्या दाराशी खुर्ची टाकून तीन वर्षं ते घेऊन बसला होता. मी दोन शब्द खरे बोललो असतो, तर मुलानं ते तुम्हालाच विचारलं असतं.